पातुरकरांचं केशमंडन

मनोहरराव पातुरकरांच्या डोक्याबद्दल लिहायचं तर वरच्या बाजूबद्दलच लिहावं लागेल. आत काही होतं याचा पुरावा सहा वर्षं शेजारी बसून मला मिळाला नाही. वरची बाजू मात्र बघण्यासारखी होती. कपाळावरून चार बोटं उंच उठून मागे वळलेला, काळाभोर, चकाकणारा केसांचा कोंबडा. त्यातला एक केस कधी जागचा हलत नसे. घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते आणि मी वजनकाट्यावरचा कारकून. बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, कापूस हातात घेऊन, त्याचा धागा ओढून, ओल बघून तो एक नंबरचा, दोनचा की तीनचा हे ठरवायचं त्यांचं काम. त्यांनी सांगितलेला नंबर लिहून घ्यायचा हे माझं. एवढ्या निकटच्या संबंधावर त्यांनी मला सहा वर्षं "अहो काटेवाले" अशी हाक मारली. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

ती कापसाची फार वाईट वर्षं होती. तीन-तीन फवारण्या करूनही बोंडात अळी निघायची. केंद्र कधी उघडेल आणि कधी बंद पडेल याचा नेम नसायचा, आणि आवाराबाहेरची बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. बैल बसलेले, माणसं बंडीखाली पडलेली, सगळ्यांची तोंडं उतरलेली. या रांगेच्या कडेने पातुरकर सकाळी दहाला सायकलवरून यायचे. वाऱ्याने कोंबडा मोडू नये म्हणून मान एका बाजूला तिरकी धरलेली असायची. आले की आधी ऑफिसातल्या कपाटाच्या काचेत डोकं बघायचे आणि मग बंड्यांकडे वळायचे. बंडीवाल्यांकडे बघण्याची गरज त्यांना कधी पडली नाही.

"डोकं बघितलं की माणूस कळतो," असं ते म्हणत. हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणायचे आणि दर वेळी नवीन सुचल्यासारखं म्हणायचे. कोरड्या केसांचा माणूस त्यांच्या लेखी आळशी होता. खोबरेल चोपडणारा गावंढळ. कलप लावणारा लबाड. टकलू माणसाबद्दल त्यांना नेमकं काय वाटायचं ते कळायला मार्ग नव्हता, कारण आमचे मॅनेजर टकलू होते.

कोंबडा ज्यावर उभा होता ते द्रव्य पातुरकर घरी शिजवत. 'केशमंडन' हे त्याचं नाव त्यांनीच ठेवलेलं. एका रविवारी सकाळी केंद्राच्या कपाटाची किल्ली आणायला मला त्यांच्याकडे जावं लागलं, तेव्हा तो यज्ञ मी डोळ्यांनी पाहिला. गल्लीच्या तोंडाशीच तापल्या एरंडेलाचा वास आला. अंगणात स्टोवर पातेलं, समोर बनियनवर पातुरकर, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. एरंडेलात आठ दिवस वाळा आणि कापूरकाचरी भिजत घातलेली होती. ते गाळून तापवायचं, त्यात मधमाशीचं मेण सोडायचं आणि ढवळत राहायचं. मेण बाजाराच्या दिवशी पोडावरून, म्हणजे रानातल्या कोलामांच्या वस्तीवरून, येणाऱ्या एका कोलामाकडूनच घ्यायचं. "दुकानातलं मेण म्हणजे मेणबत्ती, काटेवाले. डोक्याला लावायची की काडी लावायची?" असं म्हणून ते स्वतःच हसले. मग एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन दहापर्यंत मोजलं. दहाच्या आत गोठला तर मेण जास्त, दहानंतरही हलला तर तेल जास्त. त्यांनी तीनदा थेंब घेतला, तीनदा चिमूटभर मेण वाढवलं. मला कबूल करायला त्रास होतो, पण त्या स्टोपुढे हा माणूस आपलं काम जाणत होता.

कुसुमवहिनी पदर नाकाला लावून ओसरीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं पातेलं वेगळं, उलथनं वेगळं, स्टोसुद्धा वेगळा. मी तेवढी सामाईक आहे."

पातुरकरांनी ऐकलं नाही. ते डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'केशमंडन', आणि खाली बारीक अक्षरात, 'भर उन्हातही अढळ'.

एके काळी या डब्यांना मागणी होती म्हणतात. पातुरकर ऐन तिशीत होते तेव्हा गावात पुरुषांनी खोबरेल नाहीतर तिळाचं तेल लावायचं, बायकांनी माक्याचं, आणि रानाकडच्या लोकांनी मोहाच्या बियांचं. एखादा शौकीन नागपूरहून ब्रिलियंटाइनची बाटली आणायचा आणि ती वर्षभर पुरवायचा. अशा गावात पातुरकरांचा कोंबडा म्हणजे चमत्कारच. लग्नाळू पोरं मुलगी बघायला जायच्या आधी त्यांच्याकडे डबी मागायला यायची. मी नोकरीला लागलो तोवर तो जमाना सरला होता. किराणा दुकानांच्या दारात शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, सलूनमध्ये हिरव्या-निळ्या जेलच्या बाटल्या आल्या होत्या, आणि डोक्याला तेल न लावणं ही फॅशन झाली होती. डब्या आता कोणी मागत नसे. पातुरकर त्या दिवाळीला वाटत. माझ्याकडे सहा साठल्या होत्या. एक बायकोने दाराच्या कडीला लावली, कुरकुर थांबली. बाकीच्या तशाच पडून राहिल्या.

जमाना बदलला हे पातुरकरांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांच्या पोटच्या मुलीने सांगितलं होतं. तिचं लग्न वैशाखात, दारव्ह्याला, भर दुपारच्या मुहूर्तावर. जावई बँकेत होता, केस साधे, कोरडे, मागे फिरवलेले. पातुरकरांना ते बघवेना. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी त्यांनी नवरदेवाला खुर्चीवर बसवलं, खिशातून डबी काढली आणि स्वतःच्या हाताने त्याचा कोंबडा उभारला. बिचाऱ्याला सासऱ्यापुढे नाही म्हणता येईना. मांडवात पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. दुसऱ्या मंगलाष्टकाला केशमंडन वितळलं, कपाळावरून नाकावर आलं, मुंडावळ्या गालांना चिकटल्या. तिसऱ्याला अक्षता पडल्या आणि त्या डोक्यावरच राहिल्या. पंक्ती उठल्या, वरात निघाली, तरी जावयाच्या डोक्यावर लाल-पिवळे तांदूळ जसेच्या तसे. सगळ्या फोटोंत तो तसाच आहे. मुलगी पुढे वर्षभर म्हणत होती, "बाबा, मी अल्बम कोणाला दाखवत नाही." पातुरकर हे सगळं आम्हाला ऑफिसात अभिमानाने सांगायचे. "टिकाऊपणा बघा," म्हणायचे. "एक दाणा हलला नाही."

आमच्याकडे प्रशांत नावाचा नवा कॉम्प्युटर ऑपरेटर आला, तेव्हा तर त्यांना ऊतच आला. प्रशांत जेल लावून केस सरळ उभे करायचा. पहिल्याच दिवशी पातुरकर त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"हे डोक्यावर काय कापसाची पऱ्हाटी उभी करून ठेवली?"

"जेल हाय साहेब," प्रशांत म्हणाला. "घरी गेलं, पान्यानं धुतलं, का साफ. तुमचं जाते का पान्यानं?"

"जे पाण्याने जातं ते लावायचं कशाला?"

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं. त्या ऑफिसात वहीत डोकं घालणं मला सगळ्यात चांगलं जमायचं.

आता कामाबद्दल. कापसाच्या आवारात हवेत बारीक तंतू उडत असतात. आम्हा सगळ्यांच्या अंगावर ते बसायचे आणि झटकले की जायचे. पातुरकरांच्या कोंबड्यावर बसलेला तंतू मात्र तिथेच मुक्कामाला राहायचा. सकाळी तेवढं जाणवत नसे. दुपार झाली, ऊन तापलं, केशमंडन मऊ पडलं की त्यांचं डोकं पांढरं व्हायला लागायचं. टोपी घालायला ते तयार नव्हते. मग एक हात सारखा डोक्याकडे. तंतू वेचायचा, कोंबडा दाबून बसवायचा, पुन्हा तंतू वेचायचा. त्याच हाताने बंडीत खोल हात घालून कापसाची मूठ काढायची, ओढायची, चोळायची, उन्हात धरायची. हे मी सहा वर्षं रोज पाहिलं. माझ्या टाळक्यातही कधी प्रकाश पडला नाही, तेव्हा डोक्याच्या आतल्या बाजूबद्दल वर जे लिहिलं ते मलाही लागू आहे.

घाटंजीच्या आसपासच्या गावांतल्या बंड्या सकाळी लागायच्या. दूरच्या तांड्यांवरच्या बंजाऱ्यांच्या बंड्या रांगेत मागे पडत, त्यांचा नंबर दुपारीच लागायचा. आणि तांड्याचा कापूस जवळजवळ नेहमी तीन नंबर. "ओल आहे. पाणी मारलंय," पातुरकर म्हणायचे, वजन वाढवण्यासाठी कापसावर पाणी शिंपडलं आहे असा त्याचा अर्थ. "तांड्याचा कापूस मी लांबून ओळखतो." मी तीन लिहायचो. लिहून लिहून मलाही वाटायला लागलं होतं की ही तांड्यावरची माणसं पाणी मारतात.

माझी दारव्ह्याला बदली झाली, त्या आधीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. एक बंडी पुढे आली. बैलांपुढे एक पन्नाशीची बाई चालत होती. कानांच्या बाजूला वेणीत लोंबते चांदीचे दागिने, घुगऱ्या, डोक्याला घट्ट बांधलेलं पांढरं फडकं. कापसावर एक म्हातारा बसून होता, पांढऱ्या मिशा, डोळे समोर. बंडी थांबली तरी तो उतरला नाही. बाईने नाव सांगितलं, सक्रीबाई राठोड. म्हातारा तिचा सासरा. मग मी ते लिहून घेण्याच्या आधीच तिने मला सांगितलं, "भाऊ, मागच्या सालीबी आमी आलतो. ह्याच टायमाले. साहेबानं आमच्या बुढ्याले भर रांगीत म्हनलं का यानं पानी मारलं. तांड्यातल्या लोकायनं आयकलं. पंचात बसून इचारलं त्याले, का तू तांड्याचं नाव काहून बुडवलं. तवापासून तो पंचात बसत नाई. आज त्याच्यासमोर नंबर सांगा म्हना साहेबाले. म्हनूनच आनलं त्याले."

मी म्हटलं, "साहेब बघतील." दुसरं मी काय म्हणणार.

पातुरकर आले. डावा हात कमरेवर, उजवा डोक्यात. कोंबडा दाबला, बंडीत हात घातला, मूठ काढली, ओढली, चोळली. "ओल आहे."

"थांबा साहेब," सक्रीबाई म्हणाली. "म्या सकायपासून तुमाले पाहून राह्यली. तिकडं निंबाखाली बसून. तुमचा हात डोक्यात जाते का कापसात जाते, म्या मोजून राह्यली."

"बाई, बाजूला व्हा. मागे रांग आहे."

"रांगीले मले काई म्हनाचं नाई. रांग पाहूद्या." आणि रांग खरंच पाहायला लागली होती. तिने बंडीत हात घातला आणि त्याच खोलीवरून एक मूठ काढली. ओढली. धागा लांब, सरकीला धरून सरळ निघाला, रंग दुधासारखा. मग तीच मूठ तिने पातुरकरांच्या पुढे केली. "आता तुमी धरा."

पातुरकरांनी ती घेतली. घेऊ नये हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी सवयीने ओढली, चोळली, आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या बोटांखाली कापूस चिकटून बसला, पाणी पडल्यासारखा काळपट झाला.

"आमच्या बाया कापूस येचाच्या दिवशी डोक्याले तेल लावत नाई," सक्रीबाई म्हणाली. "लगन असो का तेरवी असो. केस कोरडे ठेवतो अन् वरून फडकं बांधतो. तेलाचा हात लागला का बोंड खराब होते, हे आमच्या नातीलेबी मालूम हाय. तुमी साहेब, तुमाले कसं मालूम नाई?"

ती मूठ त्यांच्या बोटांतून सोडवून तिने माझ्या नाकापुढे धरली. "भाऊ, तुमी वास घ्या. कायचा हाय सांगा."

एरंडेल. वाळा. त्या अंगणातला वास. माझ्या घरी त्याच वासाच्या पाच डब्या भरलेल्या पडल्या होत्या. सहा वर्षं मी तीन नंबर लिहिला होता, आणि आता खरं बोलायला मला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "मला सर्दी झालीय." रांगेत कोणी तरी हसलं. ते मला आजही ऐकू येतं आणि आजही मला माझी शिसारी येते.

सक्रीबाईने माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. ती मूठ तिने पातुरकरांच्याच नाकाला नेली.

आता आपल्या द्रव्याचा वास त्यांच्याइतका कोणाला कळणार? मला वाटलं ओरडतील, चौकीदाराला बोलावतील, बंडी आवाराबाहेर काढतील. एवढं तर ते सहज करू शकले असते. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग तो कापूस तिच्या हातून घेऊन, मुठीत तसाच धरून ते बैलांच्या हौदाकडे चालत गेले. चौकीदाराकडून कपडे धुण्याचा साबण मागून घेतला. हौदावर वाकून ते डोकं घासायला लागले. मेण ते, एका वेळेत निघतं होय? पाच वेळा साबण, पाच वेळा पाणी. रांग उभी, बैल उभे, मॅनेजर दारात येऊन उभे. पातुरकर घासत होते, नखांनी खरवडत होते, शर्ट भिजून पाठीला चिकटला होता.

ते परत येऊन समोर उभे राहिले, तरी नव्याने आलेला एक बंडीवाला मला विचारत होता, "ग्रेडर साहेब कुठी गेले?" केस कपाळावर चिकटलेले, विरळ, निस्तेज. डोकं एवढंसं. रस्त्यात दिसलं तर कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा एक म्हातारा होत आलेला माणूस. हात त्यांनी शर्टाच्या कोरड्या भागाला पुसले, पुन्हा पुसले. मग बंडीच्या तळापर्यंत हात घालून तीन ठिकाणचा कापूस काढला. ओढला. चोळला. उन्हात धरला. पांढराशुभ्र.

"एक नंबर," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, हळूच. मी लिहायला घेतलं.

बंडीवरचा म्हातारा तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"जोरानं म्हन. मागच्या साली जोरानं म्हनलं होतं."

पातुरकरांनी वर पाहिलं. केसांतून पाणी डोळ्यांत उतरत होतं, ते पुसायलाही हात वर गेला नाही. खाकरले. मग आवाराच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "एक नंबर! पाणी नाही! राठोडांच्या कापसात पाणी नाही!" आवाज मध्येच चिरकला. रांगेतल्या तांड्याच्या दोन बंडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

सहा वर्षं मी ज्या माणसाचा तिटकारा केला, त्याच्याबद्दल त्या एका क्षणी मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. पण ते काही असो, त्याने सर्दीचं निमित्त सांगितलं नव्हतं.

म्हातारा उतरायला लागला. बंडी उंच होती. पातुरकर पुढे झाले आणि त्यांनी आधाराला आपला उजवा हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो हात मनगटाशी धरला, उलटा केला, तळवा नीट पाहिला. मग सोडून दिला आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरला.